काजूगराच्या पट्ट्यावर मेटल डिटेक्टर: सेन्सिटिव्हिटी जुळवतानाच्या नोंदी

१६ जून

डिचोली तालुक्यातला आमचा काजूचा कारखाना लहान आहे. बॉयलर, कटिंगची टेबलं, ड्रायर, सोलाईचा हॉल, ग्रेडिंग, पॅकिंग, सगळं एका छपराखाली. आज ग्रेडिंग आणि पॅकिंगच्या मधे मेटल डिटेक्टर बसला. खाली पट्टा, त्यावर चौकोनी तोंडाचं डोकं, बाजूला भोंगा आणि छोटा स्क्रीन. धातू आढळला की भोंगा वाजतो आणि पट्टा जागच्या जागी थांबतो. तोंड ३५० मिमी रुंद आणि १२० मिमी उंच.

तो का घेतला ते लिहून ठेवते. गेल्या हंगामात एका गिऱ्हाइकाने पाकीट परत आणून दिलं. गरांमध्ये स्टेनलेसच्या तारेचा तुकडा होता, साधारण सेंटिमीटरभर लांब. बारीक तुकडा आणि भुगा वेगळा करायच्या आमच्याच चाळणीची तार. कुणाला इजा झाली नाही, पण पाकीट घरातल्या पोरांसाठी फोडलं होतं. त्यामुळे या मशिनकडून मला काय हवं ते ठरलेलं आहे: तशी तार पुन्हा पाकिटापर्यंत जाता कामा नये.

बसवणाऱ्या माणसाने स्क्रीनवर सेन्सिटिव्हिटीचा आकडा ८० ठेवला, १.५ मिमी लोखंडाची, २ मिमी पितळेची आणि २.५ मिमी स्टेनलेसची गोळी असलेल्या कांड्या पट्ट्यावरून सोडून दाखवल्या, तिन्हींना भोंगा वाजला, सही घेतली आणि गेला.

१७ जून

दिवसभर खोटा भोंगा. पट्ट्यावर गर असताना वाजतो, नसतानाही वाजतो. पॅकिंगच्या मुली दुपारपर्यंत वैतागल्या. संध्याकाळी एकीने पट्टा थांबला की गर न बघताच हिरवं बटण दाबायला सुरुवात केली. तिला रागावून उपयोग नाही. उगाच बोंबलणाऱ्या मशिनचं कुणी ऐकत नाही, आणि खरी तार येईल तेव्हाही ती तसंच बटण दाबेल.

कारखान्याचा कारभार बघणारे भाई म्हणाले, "आकडा खाली घे ना ताई, काम तरी चालेल." पन्नासवर आणला तर भोंगा जवळजवळ बंद होतो, हे मी करून बघितलं. पण मग २.५ची स्टेनलेस कांडी कधी सापडते, कधी सुटते. भाईंकडून थोडी मुदत मागून घेतली आहे. तोवर पॅकिंग जुन्याच पद्धतीने, नजरेने आणि चुंबकाने.

१८ जून

आकडा म्हणजे नेमकं काय, हे आधी माझ्या मनाशी स्पष्ट असायला हवं. डोक्याच्या आत तारेची तीन वेटोळी असतात. मधलं वेटोळं उच्च वारंवारतेचं चुंबकीय क्षेत्र तयार करतं. त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दोन ग्राहक वेटोळी असतात आणि ती एकमेकांच्या उलट जोडलेली असतात. दोघांत विजेचा सारखाच दाब निर्माण होतो, म्हणून बेरीज शून्य. पट्ट्यावरून धातू आला की आधी एका वेटोळ्याजवळचं क्षेत्र बिघडतं, मग दुसऱ्याजवळचं. शून्य मोडतं. ते मोडलेलं शून्य किती मोठं झालं की भोंगा वाजवायचा, एवढंच तो आकडा सांगतो.

म्हणजे आकडा वाढवला तर मशीन जास्त बघतं असं नाही. ते जेवढं बघतं त्यातल्या किती बारीक हालचालीवर ओरडायचं तेवढं बदलतं. आणि शून्य फक्त धातूनेच मोडतं असंही नाही. ओला किंवा खारट माल, थरथरणारी चौकट, शेजारच्या मोटरचा त्रास, यांनीही मोडतं. अशा खोट्या हालचाली मोठ्या असतील तर लहान तारेचा इशारा त्यांत बुडतो, मग आकडा ५० असो की ९०. तेव्हा आधी या खोट्या हालचालींचं मूळ शोधून बंद करायचं, आकड्याला हात नंतर.

२१ जून

आजचा दिवस चौकटीत गेला, आणि चांगला गेला.

गर न टाकता रिकामा पट्टा चालवून स्क्रीनवरची इशाऱ्याची पट्टी बघत बसले. बराच वेळ शांत असते, मग एकदम उसळते. पट्ट्याच्या सांध्यामुळे असेल म्हणून सांध्यावर खडूची खूण केली. सांधा तोंडातून जाताना पट्टी हलत नाही, म्हणजे सांधा निर्दोष. मग लक्षात आलं की ढकलगाडी शेजारून गेली की उसळी येते. गाडी लोखंडी आहे, पण ती दोन मीटर लांबून जाते. तेवढ्या अंतरावरून तिचा थेट परिणाम व्हायला नको. फरशी हलते, त्याबरोबर चौकट हलते.

फिटरकाकांनी लाकडी हातोडा घेतला आणि चौकटीचा एकेक जोड हलकेच ठोकायला लागले. मी स्क्रीनसमोर. पायांना ठोकलं, काही नाही. मोटरच्या पाटाला ठोकलं, काही नाही. डोक्याच्या मागच्या बाजूचा दुसरा आडवा गज ठोकला आणि पट्टी तळापासून टोकापर्यंत उडाली. पुन्हा ठोकलं, पुन्हा उडाली. बोल्ट काढला तर वायसरखाली तांबडा गंज, बोटाला लागेल एवढा. मशीन गोदामात पावसाच्या हवेत पडून होतं, तेवढ्यात ही अवस्था.

कारण असं: दोन उभ्या बाजू आणि दोन आडवे गज मिळून लोखंडाचा बंद चौकोन होतो. डोक्यातून बाहेर पसरणाऱ्या क्षेत्रामुळे त्या चौकोनात बारीक विद्युतप्रवाह फिरतो. जोड पक्का असेल तर प्रवाह स्थिर राहतो आणि मशीन त्याला शून्यात धरून टाकतं. जोड गंजलेला असेल तर हादऱ्याबरोबर तिथला विरोध क्षणाक्षणाला बदलतो, प्रवाह कमीजास्त होतो आणि ग्राहक वेटोळ्यांना ते धातूसारखं दिसतं. पट्ट्यावर काही नसताना भोंगा वाजतो तो असा.

उपाय दोनच. सगळे जोड वेल्डिंगने कायमचे एक करायचे, नाहीतर प्रत्येक आडव्या गजाचं एक टोक चौकटीपासून विजेच्या दृष्टीने तोडायचं, म्हणजे चौकोनच बंद होत नाही. काकांनी दुसरा निवडला. नायलॉनच्या गोल सळीतून बूश कातले, दोन्ही बाजूंना नायलॉनचे वायसर घातले, बोल्ट बुशातून ओवला. मग मल्टिमीटरने गज आणि चौकट यांच्यात सातत्य नाही याची खात्री केली. रोलरांच्या आसांनाही एका बाजूला तेच केलं. अर्थिंगची तार एकाच ठिकाणी, घासून साफ केलेल्या जागी, तारेच्या टोकाला नवी कडी लावून.

संध्याकाळी काका हातोड्याने चौकट ठोकत राहिले आणि पट्टी तळाशीच पडून राहिली. काका म्हणाले, "पावसाळ्यात दर महिन्याला हे नट उघडून बघायचे, ताई. गोव्यातलं लोखंड आहे." तसं तक्त्यात लिहिलं आहे.

२३ जून

व्हॅक्यूम पॅकिंगचा पंप सुरू होताना अजून एक उसळी येते. दोन्हींची वीज एकाच बोर्डावरून होती. डिटेक्टरसाठी मुख्य बोर्डावरून वेगळी लाईन ओढली, ती मोटरांच्या केबलपासून लांबून नेली. उसळी गेली. पट्ट्याच्या मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह डोक्याच्या अगदी खाली टांगलेला होता, तो चौकटीच्या दुसऱ्या टोकाला हलवला.

२५ जून

मशीन शांत झालं तरी अधूनमधून वाजतंच. आज कारण सापडलं: हात.

डोक्याच्या तोंडापासून पुढे-मागे थोडी जागा धातूविना ठेवावी लागते. ढोबळ हिशेब असा की स्थिर धातू तोंडाच्या उंचीच्या दीडपट लांब आणि हलणारा धातू दुप्पट लांब हवा. आमच्या १२० मिमी उंचीला म्हणजे १८० आणि २४० मिमी. ग्रेडिंगच्या मावशी पट्ट्यावर गर पसरवताना तोंडाच्या अगदी जवळ हात नेतात, आणि हातात सोन्याची नाहीतर पितळेची बांगडी असते. फरशीवर आणि चौकटीवर २४० मिमीपलीकडे पिवळी पट्टी मारली. पसरवायचं काम पट्टीच्या बाहेर, डोक्यापासून लांब.

मावशींनी विचारलं, "मग ताई, मंगळसूत्र काढून ठेवायचं का?" नाही. मंगळसूत्र ॲप्रनच्या आत, ॲप्रनचं बटण गळ्यापर्यंत. सेफ्टी पिना मात्र अजिबात नकोत, पदराला नाही, ॲप्रनलाही नाही. ॲप्रनला नाड्या शिवून घेतल्या. सुट्या पिना आणि टाचण्या ही धातू मालात पडायची सोपी वाट आहे. पोत्याच्या तोंडाला राहिलेली दाभणही तशीच. पोती आता आत येण्याआधी बाहेरच उसवायची.

काचेच्या बांगड्यांचं वेगळं. मशीनला काच दिसतच नाही, दगड दिसत नाही, टरफलाचा तुकडा दिसत नाही. भोंगा वाजला नाही म्हणजे माल स्वच्छ, असा समज हॉलमध्ये पसरायला लागला होता, म्हणून आज सगळ्यांना जमवून सांगितलं. काचेच्या बांगड्या मनगटाला घट्ट बसणाऱ्या लांब बाह्यांच्या आत जातील. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की हात भरून बांगड्या असतात, तेव्हा बाह्या आत्ताच शिवून घेतलेल्या बऱ्या.

२८ जून

चाचणी कुठे करायची, हा प्रश्न. बसवणाऱ्याने कांड्या पट्ट्यावर आडव्या ठेवून सोडल्या होत्या. पण डोक्याच्या भिंतींजवळ क्षेत्र जास्त दाट असतं. खाली पट्ट्यालगत, डावी-उजवीकडे कडेला, वर छताला, सगळीकडे लहान गोळीही सापडते. सगळ्यात कमजोर जागा म्हणजे तोंडाचा बरोबर मध्यबिंदू. तिथे सापडली तर कुठेही सापडेल. तिथे सुटली तर बाकीच्या जागांच्या चाचणीला अर्थ नाही.

पॅकिंगच्या थर्माकोलचा ठोकळा कापला, वर कांडी बसेल अशी खाच. गोळी पट्ट्यापासून अशा उंचीवर बसते की ती तोंडाच्या मधोमध जाते. पट्ट्यावर मधली रेघ काढली. या ठोकळ्यावर आकडा ८० असताना २.५ची स्टेनलेस गोळी पट्टीला जेमतेम सीमेपर्यंत नेते. पट्ट्यावर ठेवली तर तीच गोळी पट्टी पूर्ण भरते. एकच गोळी आणि एकच आकडा असून एवढा फरक.

पुढच्या सगळ्या नोंदी मध्यबिंदूच्याच.

१ जुलै

साध्या गराचं शिकवणं आज केलं. मशीनमध्ये प्रत्येक मालासाठी वेगळी जागा असते. माल काही वेळा पट्ट्यावरून सोडायचा, मग मशीन त्याचा स्वतःचा इशारा ओळखून बाजूला काढतं. इथे एक काळजी: शिकवायला घेतलेल्या मालात धातू असेल तर मशीन धातूलाच माल समजून बसेल. म्हणून तो गर आधी जोरदार चुंबकावरून गेला, नजरेखालून गेला, दोन जणींनी वेगवेगळा तपासला.

डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० या अख्ख्या गराच्या प्रती आणि पाकळी म्हणजे अर्धा गर, यांत मशीनच्या दृष्टीने काही फरक दिसला नाही. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० गर. आकार बदलतो, पण ड्रायरमधून आलेल्या गरात ओलावा पाच टक्क्यांच्या आत असतो आणि एवढा कोरडा माल मशीनला जवळजवळ दिसतच नाही. सगळ्या साध्या गराला एकच सेटिंग पुरेल.

चौकट शांत आहे, वीज शांत आहे, माल कोरडा आहे. आता आकडा वर नेला. ९२ला रिकामा पट्टा दुपारभर चालला, भोंगा नाही. ९५ला तुरळक उसळ्या. ९२वर थांबले. मध्यबिंदूला लोखंड १.२ मिमी, पितळ १.५, स्टेनलेस २.० सापडतात, आणि सीमेच्या बरंच वर. ओढूनताणून नाही.

लोखंड सगळ्यात सोपं, कारण ते क्षेत्राला ओढून घेतं आणि वीजही वाहतं. पितळ, ॲल्युमिनियम चांगली वीज वाहतात. स्टेनलेस मात्र चुंबकाला दाद देत नाही आणि वीजही वाईट वाहतं, म्हणून ते नेहमी मागे पडतं. आणि कारखान्यात आजूबाजूला बघावं तर टेबल, ट्रे, चाळण्या, सगळं स्टेनलेसच.

४ जुलै

आज तार.

गोळीची चाचणी गोळीपुरती खरी असते. गोळी कशीही ठेवली तरी गोळीच, म्हणून सगळं जग गोळीत मोजतं. तार तशी नाही. चाळणीच्या जुन्या जाळीतून तार उसवली, ०.८ मिमी जाड. ५, १० आणि १५ मिमीचे तुकडे कापले आणि एकेक तुकडा कागदाच्या पट्टीवर चिकटपट्टीने बसवला. प्रत्येक तुकडा तीन प्रकारे सोडायचा: पट्ट्याच्या दिशेला धरून, पट्ट्याला आडवा, आणि उभा. ठोकळ्यावर, मध्यबिंदूला, आकडा ९२.

१५ मिमी: आडवा सापडला, उभा सापडला, पट्ट्याच्या दिशेला ठेवलेला सुटला.
१० मिमी: आडवा सापडला, उभा कधी सापडला कधी नाही, दिशेला ठेवलेला सुटला.
५ मिमी: तिन्ही सुटले.

दिशेला ठेवलेला १५ मिमीचा तुकडा पुन्हा पुन्हा सोडला. पट्टी हलतसुद्धा नाही. फिटरकाकाही बघत होते. तुकडा डोळ्यांना स्वच्छ दिसतो, चमकतो, आणि मशिनखालून निघून जातो.

याचं कारण क्षेत्राच्या दिशेत आहे. तोंडातल्या क्षेत्राच्या रेषा पट्ट्याच्या दिशेने धावतात. स्टेनलेसमध्ये जे भोवरे-प्रवाह तयार होतात ते या रेषांभोवती, म्हणजे रेषांना आडव्या पातळीत फिरतात. तार आडवी असेल तर त्या पातळीत तिची लांबी मिळते. तार रेषेच्या दिशेने असेल तर त्या पातळीत फक्त तिचं टोक येतं, ०.८ मिमीचा ठिपका. मशिनच्या लेखी ती ०.८ मिमीची वस्तू, मग लांब कितीही असो. लोखंडी तारेचं बरोबर उलटं: ती दिशेला धरून असली की चुंबकत्व लांबीभर भरतं आणि छान सापडते, आडवी असली की अवघड. घरातल्या लोखंडी तारेचे तुकडे घेऊन तेही करून पाहिलं, तसंच झालं.

आकडा ९९पर्यंत नेऊन पाहिला. रिकाम्या पट्ट्यावर भोंगा सुरू झाला, पण दिशेला ठेवलेली तार तरीही नाही. हा आकड्याचा प्रश्नच नाही.

अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाचं मार्गदर्शन तयार खायच्या पदार्थातल्या ७ ते २५ मिमी लांबीच्या कठीण किंवा टोकदार तुकड्यांकडे विशेष लक्ष देतं. आमची परत आलेली तार त्या मापाची होती. आणि नेमकी तशी तार, नेमकी या दिशेने पडली, तर आपलं मशीन ती सोडून देणार. भाईंना हे संध्याकाळी तसंच्या तसं दाखवलं. ते बराच वेळ कागदाची पट्टी बोटांत फिरवत राहिले, मग म्हणाले, "मग चाळणीचंच काहीतरी करायला हवं."

५ जुलै

निओडायमियम चुंबकाची सळी घेऊन तारेचे तुकडे जवळ नेले. तार हलकीशी ओढली जाते. ३०४ जातीचं स्टेनलेस मुळात चुंबकाला चिकटत नाही, पण तार ओढताना थंड अवस्थेत इतकं ताणलं जातं की थोडं चुंबकी होतं. गरांच्या ढिगातून मात्र सळी तिला ओढून काढेल याचा भरवसा नाही. गर पातळ थरात सळीला घासून गेला तर काही तुकडे चिकटतात. डिटेक्टरच्या आधी सळ्यांची जाळी बसवायची, मदत म्हणून. भिस्त तिच्यावर नाही.

९ जुलै

खारा भाजलेला काजू. सकाळपासून धो धो पाऊस, दारं उघडी, हॉलमधल्या आर्द्रतामापकावर ८८ टक्के.

साध्या गराच्या सेटिंगवर खारा माल सोडला तर पट्टा प्रत्येक वेळी थांबतो. कोरडं मीठ वीज वाहत नाही. पण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि मिठाचं पाणी उत्तम वाहक. गरावर अशी पातळ खारट ओल आली की गराचाच इशारा धातूसारखा मोठा होतो.

खाऱ्यासाठी वेगळी जागा शिकवली. इथे फेज म्हणजे इशाऱ्याचा कोन कामाला येतो. ओल्या खाऱ्या मालाचा इशारा एका ठरावीक कोनात झुकलेला असतो, मशीन त्या कोनाकडे डोळे मिटतं आणि बाकी सगळीकडे बघतं. त्याची किंमत अशी की त्या कोनाच्या जवळपास पडणारा धातूही थोडा झाकला जातो. वारंवारताही खालची घ्यावी लागली, कारण वरच्या वारंवारतेला खारट ओल जास्त बोलते. खालच्या वारंवारतेला स्टेनलेस कमी बोलतं. दोन्ही हवं म्हणून चालत नाही.

मग शिकवलेलं सेटिंग तासाभराने पुन्हा तपासलं. तोच घाणा, उघड्या ट्रेमध्ये ठेवलेला. पट्टा पुन्हा थांबायला लागला. ट्रे हॉलमध्ये राहिला तेवढ्या वेळात मिठाने ओल धरली होती आणि मशीनला शिकवलेला माल आता राहिलाच नव्हता. झाकण लावलेल्या पिंपातला तोच घाणा मात्र अजून शांतपणे जातो.

म्हणून खाऱ्याचं सेटिंग मशिनमध्ये अर्धंच असतं, उरलेलं अर्धं पिंपाच्या झाकणात. भाजणी झाली, माल हाताला कोमट लागेपर्यंत निवला की लगेच झाकणबंद पिंपात. पिंप उघडलं की ते संपेपर्यंत पट्टा थांबवायचा नाही, जेवायची सुट्टी त्या हिशेबाने. पाऊस जोरात असेल त्या दिवशी पश्चिमेकडचं दार बंद.

एवढं पाळून मध्यबिंदूला लोखंड १.५, पितळ २.०, स्टेनलेस २.५. साध्या गरापेक्षा एक पायरी खाली. म्हणूनच खाऱ्यासाठी वापरायचा गर भाजणीच्या आधी, कोरडा असतानाच, साध्या सेटिंगवर एकदा पट्ट्यावरून जाईल. भाईंना हे दुप्पट काम वाटलं. कोरड्यात २.०ची गोळी सापडते आणि खाऱ्यात २.५ लागते, हे मोजून दाखवल्यावर त्यांनी होकार दिला.

मसाला काजूचं अजून ठरलेलं नाही.

१५ जुलै

रोजची चाचणी ठरवली. सकाळी सुरू करताना, मग दर तासाला, माल बदलताना, आणि संध्याकाळी बंद करताना. तिन्ही कांड्या, थर्माकोलच्या ठोकळ्यावर, पट्टा चालू आणि माल जात असताना. एकही कांडी सुटली तर मागच्या बरोबर निघालेल्या चाचणीपासूनचा सगळा माल अडवायचा आणि मशीन ठीक झाल्यावर पुन्हा सोडायचा. म्हणूनच तासाची चाचणी. दिवसातून एकदाच केली तर अख्ख्या दिवसाचा माल अडकतो आणि मग तो अडवायला कुणाचा हात धजत नाही.

पॅकिंग या पट्ट्यानंतरच, कारण आमच्या पाकिटांच्या आत धातूचा मुलामा असतो आणि डबे पत्र्याचे. भरलेलं पाकीट या मशीनखालून तपासता येत नाही. तेव्हा पट्ट्यापासून पाकिटाच्या तोंडापर्यंतचा रस्ता झाकलेला हवा. मधल्या प्लास्टिकच्या घसरगुंडीवर झाकण बसवलं.

वही पॅकिंगच्या मुलींकडेच ठेवली आहे. माझ्या टेबलावर ठेवली असती तर ती माझी वही झाली असती.

२२ जुलै

दुपारी भोंगा. हिरवं बटण न दाबता मुलीने मला हाक मारली.

थांबलेल्या पट्ट्यावरचा सगळा गर ट्रेमध्ये घेतला. नजरेला काही नाही. मग ट्रे निम्मा-निम्मा करायचा: एक निम्मा सोडला, शांत. दुसरा सोडला, भोंगा. त्याचे पुन्हा दोन भाग, पुन्हा. शेवटी मूठभर गर उरले, मग एकेक. एका गराच्या खाचेत, जिथे दोन पाकळ्या जुळतात, पोलादाची पातळ चिप रुतलेली होती, नखाच्या टोकाएवढी, एक कड निळसर. कटिंगच्या पात्याची. गर बाहेरून अखंड, पांढरा, डब्ल्यू २४०मध्ये घालण्यासारखा.

चिप पारदर्शक पाकिटात घालून वहीला लावली, बाजूला तारीख, घाणा आणि टेबलाचा क्रमांक. त्या टेबलावरची पाती उतरवली, भिंगाखाली पाहिली, एका पात्याच्या धारेला बरोबर तेवढीच खाच. चिप त्या खाचेत जुळवून पाहिली, जुळली, म्हणजे दुसरा तुकडा कुठे हिंडत नाही. पाती आता दर पाळीच्या आधी आणि नंतर बघायची.

पट्टा थांबलेला असताना सोलाईतल्या काही मावशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. गर हातात घेऊन एकीने विचारलं, "हे खाल्लं असतं कुणी?" हो, खाल्लं असतं.

२ ऑगस्ट

नव्या चाळण्या आल्या. विणलेल्या तारेच्या नाहीत, स्टेनलेसच्या पत्र्याला गोल भोकं पाडलेल्या. विणीची तार झिजली की तुटून सुटते, पत्र्यातून तशी बारीक तार निघत नाही. पत्रा फाटलाच तर रुंद तुकडा पडेल. जुन्या पत्र्यातून ६ मिमीचा त्रिकोण कापून मध्यबिंदूला तिन्ही दिशांनी सोडून पाहिला, आकडा ९२, तिन्ही वेळा भोंगा.

भोकाचं माप मात्र तेच ठेवून चालत नाही. चौकोनी जाळीतून तुकडा कर्णाच्या दिशेने निसटू शकतो, तेवढ्याच मापाच्या गोल भोकातून नाही. पहिली चाळणी जुन्या जाळीच्या मापाची मागवली ती बारीक पडली, भुग्यात जायला हवा तो माल वर राहिला. एक पायरी मोठ्या भोकाची बरोबर बसते. सगळ्या भोकांच्या कडा काकांनी कानशीने आणि मग बारीक पॉलिशच्या कागदाने मारून घेतल्या, चुंबकाने पुसल्या, धुतल्या, वाळवल्या, आणि पहिला दिवस फक्त टाकाऊ तुकड्यांवर चालवल्या.

जुन्या विणलेल्या चाळण्या कारखान्याच्या आवारात राहू द्यायच्या नाहीत. एखादी कोपऱ्यात उभी राहिली की घाईच्या दिवशी कुणीतरी ती उचलतं. चवथ जवळ आली आहे, भेटीच्या डब्यांच्या ऑर्डरी सुरू झाल्या आहेत, घाई येणारच. आज सगळ्या जाळ्या चौकटीतून कापून भंगारवाल्याला दिल्या.

मसाला काजू उद्या शिकवायला घ्यायचा. तिखट-हळदीचं मिश्रण आणि मीठ एकत्र, तेलाचा हात लागलेला, त्यामुळे ओल किती धरतो ते आधी झाकणबंद आणि उघडं, दोन्ही पाहायचं. आडव्या गजांचे नट उघडून बघायची तारीखही उद्याच आहे.